एका छिद्राचं इंजिनिअरिंग

हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत नजर फिरवा. कपाटात डिओ असतो, खिडकीत काच पुसायची स्प्रेची बाटली असते, कुणाच्या टेबलावर केसांवर पाणी मारायची छोटी बाटली असते. बाहेर बागेत माळीकाका पाठीवर पंप घेऊन गुलाबावर औषध मारत असतात. या सगळ्या वस्तूंची किंमत वेगळी, काम वेगळं. पण प्रत्येकीच्या टोकाला एक छोटंसं छिद्र आहे आणि खरं काम तेच करतं. बाटली, पंप, पाइप हे सगळं त्या छिद्रापर्यंत द्रव आणून सोडण्यासाठी.

या छिद्राला, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या रचनेसकट, आपण नोझल म्हणतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात नोझलवर पाच मार्कांचा प्रश्न येतो, आपण बर्नुली लिहून मोकळे होतो. पण नोझल डिझाइन करायला बसलं की लक्षात येतं, पेपरातला प्रश्न जिथे संपतो तिथे खरा प्रश्न सुरू होतो. पाणी किती बाहेर पडेल हे बर्नुली सांगतो. ते किती बारीक फुटेल, कुठे जाईल आणि कुणाच्या नाकात जाईल, हे तो सांगत नाही.

नोझलची तीन कामं

पहिलं काम मोजण्याचं. ठरावीक दाबाला मिनिटाला किती द्रव बाहेर पडावा हे छिद्राच्या मापावर ठरतं. दुसरं काम तोडण्याचं, म्हणजे सलग द्रवाचे थेंब करण्याचं. तिसरं काम पसरवण्याचं. थेंब सरळ धारेत जायचे, पंख्यासारखे पसरायचे की शंकूसारखे, हे आतल्या आकारावर ठरतं.

गंमत अशी की ही तिन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत. जास्त पाणी हवं म्हणून छिद्र मोठं केलं की थेंबही मोठे होतात. थेंब बारीक हवेत म्हणून दाब वाढवला की पाणीही जास्त जातं. एक स्क्रू पिळला की दुसरा आपोआप ढिला होतो, असं हे प्रकरण आहे. डिझाइन म्हणजे शेवटी या तिघांमधली तडजोड.

पाणी फुटतंच का?

नळ अगदी बारीक सोडून बघा. वर काचेच्या कांडीसारखी सरळ धार दिसते आणि थोडं खाली गेल्यावर तिचेच थेंब होतात. हे कोण करतं? पृष्ठताण. पाण्याला आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो, आणि तेवढ्याच पाण्याच्या लांब धारेपेक्षा गोल थेंबांचा पृष्ठभाग कमी भरतो. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी दाखवून दिलं की द्रवाच्या दंडगोलावरची लाट त्याच्या परिघापेक्षा लांब असेल तर तो दंडगोल टिकत नाही. त्यानंतर १८७० च्या दशकाच्या शेवटी लॉर्ड रॅले यांनी कुठली लाट सगळ्यात वेगाने वाढते त्याचं गणित मांडलं. धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीचा तुकडा तुटतो आणि त्याचा एक थेंब बनतो.

मग थेंबाचा व्यास किती? हे वहीच्या कोपऱ्यात करता येतं. त्या तुकड्याचं घनफळ आणि गोलाचं घनफळ सारखं धरा. उत्तर येतं धारेच्या व्यासाच्या १.८९ पट. म्हणजे १ मिलिमीटर छिद्रातून शांतपणे सोडलेल्या धारेचे थेंब जवळजवळ २ मिलिमीटरचे होतील. हा पावसाचा थेंब झाला, फवारा नाही. याच पद्धतीने १०० मायक्रॉनचा थेंब हवा असेल तर छिद्र ५३ मायक्रॉनचं लागेल. शेतातल्या पाण्यावर असं नोझल पहिल्याच मिनिटाला बुजेल.

म्हणजे प्रश्न असा आहे: छिद्र मोठं ठेवायचं आणि थेंब मात्र बारीक काढायचे. हे कसं करणार?

उत्तर आहे भोवऱ्यात

काच पुसायच्या बाटलीचं पुढचं टोपण फिरवलं की कधी सरळ धार येते, कधी फवारा. छिद्र तेच, हाताचा जोरही तोच. मग बदललं काय? फवाऱ्याच्या स्थितीत द्रव आत सरळ न जाता आडव्या, स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेल्या बारीक खाचांमधून एका छोट्या गोल खोलीत शिरतो आणि तिथे गरगर फिरायला लागतो. धारेच्या स्थितीत या खाचा बाजूला राहतात आणि द्रव सरळ निघून जातो.

फिरणारा द्रव खोलीच्या कडेकडून मधल्या छिद्राकडे येतो तसा त्याचा वेग वाढतो. कोनीय संवेग टिकून राहतो, म्हणून त्रिज्या निम्मी झाली की फिरण्याचा वेग दुप्पट. वेग वाढला की मध्यभागी दाब घसरतो आणि बाहेरची हवाच छिद्रातून आत ओढली जाते. बेसिनमधलं पाणी निघून जाताना मध्ये जो पोकळ भोवरा दिसतो, तोच इथे आहे. त्यामुळे छिद्र द्रवाने पूर्ण भरत नाही. मध्ये हवेचा खांब आणि त्याच्याभोवती द्रवाचा पातळ पडदा, असं ते बाहेर येतं. बाहेर पडल्यावर भिंत संपते, फिरणारा द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि पडद्याचा पोकळ शंकू तयार होतो. म्हणून याला पोकळ शंकूचं नोझल म्हणतात. पाठीवरच्या फवारणी पंपाला कीडनाशकासाठी लावतात ते बहुतेक वेळा हेच.

हा शंकू जसजसा रुंद होतो तसतसा पडदा ताणून पातळ होत जातो, अगदी फुग्याच्या रबरासारखा. मग त्यावर लाटा उठतात, पडदा फाटतो, त्याचे धागे होतात आणि त्या धाग्यांचे पुन्हा रॅलेच्या नियमाने थेंब होतात. आता धागा छिद्राच्या मापाचा नाही, फाटलेल्या पडद्याच्या मापाचा आहे. छिद्र १ मिलिमीटर राहूनही थेंब दीडशे मायक्रॉनचा मिळतो तो असा.

थोडं गणित (घाबरू नका)

समजा पाठीवरच्या पंपासाठी नोझल करायचं आहे. दाब ३ बार, प्रवाह मिनिटाला ०.४ लिटर, शंकूचा कोन ८० अंश.

पहिली पायरी, वेग. २ × दाब ÷ घनता, याचं वर्गमूळ. ३ बार म्हणजे ३ लाख पास्कल, पाण्याची घनता १०००. उत्तर सुमारे २४.५ मीटर प्रति सेकंद.

दुसरी पायरी, छिद्र. प्रवाह = गुणांक × छिद्राचं क्षेत्रफळ × वेग. साध्या छिद्राचा गुणांक साधारण ०.६ धरतात. भोवऱ्याच्या नोझलमध्ये मधली जागा हवेने अडवलेली असते, म्हणून तो बराच कमी, इथे ०.३५ धरू. या हिशेबाने छिद्र जवळजवळ बरोबर १ मिलिमीटरचं येतं. तेवढ्याच छिद्रातून सरळ धार सोडली असती तर मिनिटाला ०.७ लिटर गेलं असतं.

तिसरी पायरी, पडदा. घर्षण सोडून दिलं तर पडद्याचा सरळ पुढे जायचा वेग म्हणजे २४.५ गुणिले ४० अंशांचा कोसाइन, सुमारे १८.८ मीटर प्रति सेकंद. प्रवाहाला या वेगाने भागलं की द्रवाने व्यापलेलं क्षेत्रफळ मिळतं, ०.३५ चौरस मिलिमीटर. छिद्राचं पूर्ण क्षेत्रफळ ०.७९ आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त छिद्र हवेच्या ताब्यात! हवेच्या खांबाचा व्यास ०.७४ मिलिमीटर आणि पडद्याची जाडी ०.१३ मिलिमीटर. हाच पडदा न फाटता ५ मिलिमीटर खाली पोचला तर त्याची जाडी १० मायक्रॉनच्या आसपास उरते.

आता ऊर्जेचा हिशेब बघू, कारण तो मला सगळ्यात मजेदार वाटतो. १ लिटर पाण्याचे १०० मायक्रॉनचे सारखे थेंब केले तर सुमारे १९१ कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर भरतो. आपल्या तीन-चार खोल्यांच्या फरशीएवढा. हा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा फक्त ४.३ जूल. आणि ३ बार दाबाने ते लिटरभर पाणी ढकलायला आपण खर्च केले ३०० जूल. म्हणजे थेंब करायला दीड टक्कासुद्धा लागत नाही! बाकीची ऊर्जा थेंबांच्या वेगात, हवा ढवळण्यात आणि घर्षणात जाते. पंपाचा दांडा हलवून ज्याचा खांदा दुखतो त्याला हे सांगू नका.

अजून एक गोष्ट यातून कळते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणून प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागतो. पाणी कमी पडतंय म्हणून पंप जोरात मारणं हा वाईट सौदा आहे. दाब दुप्पट केला तर प्रवाह फक्त ४१ टक्के वाढतो, आणि थेंब मात्र बारीक होऊन उडायला लागतात.

थेंब लहान हवा की मोठा?

बारीक थेंबांच्या बाजूने मोठा मुद्दा आहे. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब बसतात. म्हणजे तेवढ्याच औषधात पानावर एका ठिपक्याऐवजी ६४ ठिपके. शिवाय मोठा थेंब पानावर आपटून उसळतो किंवा घरंगळून मातीत जातो, बारीक थेंब चिकटून बसतो. पानाच्या मागे लपलेल्या तुडतुड्यापर्यंत पोचायचं तर बारीकच थेंब लागतो.

मग सगळेच थेंब बारीक का करू नयेत? कारण खाली पडायचा वेग. १ मीटर उंचीवर थेंबाचा सुरुवातीचा वेग संपला आणि ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटर, अशी मंद झुळूक आहे असं धरू. ५०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर पडतो, म्हणून अर्धा मीटर सरकून खाली येतो. २०० मायक्रॉनचा दीड मीटरच्या आत. १०० मायक्रॉनचा सुमारे ४ मीटर. ५० मायक्रॉनचा १३ मीटर. आणि २० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला जेमतेम १.२ सेंटिमीटर पडतो, त्यामुळे तो ८० मीटर लांब जातो. तोसुद्धा वाटेत आटला नाही तर. उन्हात तो आटतोच आणि आणखी हलका होतो.

म्हणजे बारीक थेंब हा पानाचा मित्र आहे, पण पानापर्यंत पोचला तरच. नाहीतर तो शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत किंवा फवारणाऱ्याच्या श्वासात जातो.

अडचण अशी की कुठलंही नोझल एकाच मापाचे थेंब देत नाही. एकाच फवाऱ्यात १० मायक्रॉनपासून ४०० मायक्रॉनपर्यंतचे थेंब असू शकतात. म्हणून डिझाइनर सरासरीपेक्षा एक वेगळा आकडा वापरतात: असा व्यास की ज्याच्याहून लहान थेंबांमध्ये एकूण द्रवाचं अर्धं घनफळ असेल. दोन नोझलचा हा आकडा सारखा असूनही एकाचे उडणारे थेंब दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतात. चांगलं नोझल म्हणजे ज्याच्या थेंबांमध्ये फरक कमी. परीक्षेतल्या वर्गासारखंच आहे. नुसती सरासरी बघून नापास किती ते कळत नाही.

हे फक्त गणित नाही

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वेळी बरीच कारणं पुढे आली: जहाल औषधं, दोन-तीन औषधं एकत्र करणं, तोंडावर मास्क नसणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी. नोझल हे काही त्यातलं एकमेव कारण नव्हे, आणि एक नोझल बदलून ते सगळं टळलं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण या यादीतली शेवटची गोष्ट आपल्या विषयात येते. पीक कमरेएवढं असतं तेव्हा फवारा खाली जातो. पीक डोक्याएवढं झालं की नळी वर धरावी लागते आणि माणूस स्वतःच्याच ढगातून चालतो. मोठे थेंब अंगावर पडून कातडीतून भिनतात. नाकात गेलेले बरेचसे थेंब नाक-घशात अडकतात, पण १० मायक्रॉनच्या खालचे फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात.

दुसरी सवय तर आपण सगळ्यांनी पाहिली असेल. नोझल बुजलं की ते काढायचं आणि तोंडाने फुंकायचं. विषाच्या नळीला ओठ लावायचे! यात अडाणीपणा आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. पण इंजिनिअरने वेगळा प्रश्न विचारायला हवा. नोझल इतक्या वेळा बुजतं का? आधीची गाळणी छिद्रापेक्षा बारीक जाळीची आहे का, की ती काढूनच टाकली आहे? ओल्या, घसरड्या हाताने ते सुटतं का? सोबत एक छोटा मऊ ब्रश बांधून द्यायला किती रुपये लागतात? माणूस चुकेल हे धरूनच डिझाइन करायचं असतं.

छिद्र मोठं होत जातं

नोझलचा एक शत्रू म्हणजे झीज. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी ते पुढे आणलं आणि आपल्या नाशिक-सांगलीच्या बागांतही ते चांगलं परिचयाचं आहे. त्यातले चुन्याचे कण २०-२५ मीटर प्रति सेकंद वेगाने छिद्राच्या कडेवरून जातात, म्हणजे जवळजवळ पॉलिश पेपरच. पितळ लवकर झिजतं, स्टेनलेस स्टील जास्त टिकतं, सिरॅमिक सगळ्यात जास्त. पिनेने किंवा तारेने छिद्र साफ केलं तर पितळेचं आणि प्लॅस्टिकचं नोझल त्याच दिवशी खराब होतं.

त्याने काय बिघडतं ते बघा. माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो आणि अर्धा मीटर रुंदीचा पट्टा मारतो असं धरलं तर एक एकर व्हायला सुमारे १६९ मिनिटं लागतात. मिनिटाला ०.४ लिटरने पाणी जातं ६७ लिटर, म्हणजे १६ लिटरच्या चार टाक्या आणि वर थोडं. आता झिजून प्रवाह ०.५ लिटर झाला असेल तर जातात ८४ लिटर. म्हणजे एक टाकी जास्त. टाकीत औषधाचं माप तेच, म्हणून एकरी २५ टक्के औषध जास्त पडलं आणि तेवढेच पैसेही. वर थेंब बिघडले, पट्टाही वेडावाकडा. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही, छिद्राचा व्यास फक्त दशांश मिलिमीटरने वाढलेला असतो. म्हणून नियम आहे: नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांनी वाढला की ते फेकून द्यायचं. तपासायला बादली, मोजपात्र आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

स्वतः करून बघा

यासाठी लॅबची चावी मागायची गरज नाही. स्प्रेची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन त्यात साधं पाणी आणि थोडी शाई घाला. वीस वेळा दाबून मोजपात्रात किती पाणी येतं ते बघा, वीसने भागा. बहुतेक बाटल्यांत एका दाबाला १ मिलिलिटरच्या आसपास येईल. मग ३० सेंटिमीटरवर कागद धरून एकदा हळू आणि एकदा जोरात दाबा. हळू दाबलेल्याचे ठिपके मोठे दिसतील, कारण भोवऱ्याला वेगच मिळाला नाही. टोपण थोडंथोडं फिरवून शंकूचा कोन मोजा. नंतर पाण्यात चमचाभर ग्लिसरीन घालत जा आणि बघा फवारा कधी धारेत बदलतो. चिकटपणा वाढला की भोवरा मंदावतो आणि पडदा बनतच नाही. खोबरेल तेल आपण स्प्रेच्या बाटलीत का भरत नाही, याचं उत्तर तिथेच मिळेल. एक लक्षात ठेवा: कागदावरचा ठिपका हा थेंबापेक्षा मोठा असतो, कारण थेंब पसरतो. दोन बाटल्यांची तुलना करायला ठिपके चालतील, खरं माप सांगायला नाही.

नोझल डिझाइन करायचं असेल तर क्रमही असाच ठेवावा. आधी विचारा थेंब कुठे जायला हवा आणि कुठे जाता कामा नये. त्यावरून थेंबाचं माप ठरवा. मग प्रवाह, मग दाब, मग छिद्र आणि खाचा. त्यानंतर गाळणी, कारण ती नेहमी विसरली जाते. मग मटेरियल. आणि सगळ्यात शेवटी, हे ओल्या हाताने उघडून साफ करता येतं का ते बघा. आपण बहुतेक वेळा उलटे जातो, आधी छिद्र पाडतो आणि मग बघतो काय होतंय ते.

फायनल इयरला प्रोजेक्टचे विषय शोधताना सगळ्यांना रोबोट आणि ड्रोन दिसतात. करा, जरूर करा. पण औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या पोटाखालीही शेवटी नोझलच असतं, आणि ते पिकापासून काही मीटर वर असल्यामुळे वरचा वाऱ्याचा हिशेब तिथे आणखी कडक होतो. कुणाला कमी खर्चाचा, मोजता येणारा आणि खरोखर उपयोगी पडणारा विषय हवा असेल तर गावातून पाच वापरलेली नोझल घेऊन या, पाच नवी विकत घ्या आणि दोन्हींचा प्रवाह, कोन आणि ठिपके मोजून टेबल करा. सीएनसीवर किंवा थ्री-डी प्रिंटरवर न बुजणारं, हाताने चटकन सुटणारं टोपण करून बघा. खर्च मेसच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी येईल. आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की याचा उपयोग काय, तर त्याचं उत्तर तुमच्याजवळ आकड्यांत असेल.